तिसरा अर्ज

दुपारचे चार वाजले की अण्णा बूट घालायला बसत.

आधी शर्टाची बटणं, अगदी गळ्यापर्यंत. मग पलंगाच्या कडेला टेकून एकेक पाय बुटात, नाड्यांची घट्ट गाठ, आणि केसांवरून एकदा ओला हात. एवढं झालं की दाराशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "चल. सांगून येऊ."

"काय सांगायचंय, अण्णा?" ताई विचारायची.

"ते त्यांच्याकडे लिहिलेलं आहे. आपण फक्त हो म्हणायचं."

'त्यांच्याकडे' म्हणजे पोलिसांकडे, हे कळायला तिला महिना लागला. आपण काहीतरी गुन्हा केलाय, असं अण्णांच्या डोक्यात बसलं होतं. कोणता, ते त्यांना आठवत नव्हतं. केलाय, एवढंच पक्कं होतं.

अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला. कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. ताई सत्तेचाळीसची, त्यांची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेली, असं अण्णा सांगत. ताईचं लग्न आधी अण्णांकडे कोण बघेल म्हणून राहिलं, आणि मग राहूनच गेलं. दोन गल्ल्या पलीकडच्या चष्म्याच्या दुकानात ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी. दुकानाचे मालक वयाने तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, पण तेही तिला ताईच म्हणत.

दिवसभर अण्णांना सांभाळायला एक मावशी येत. चार वाजले की त्यांचा फोन यायचा. "ताई, बूट घातले हो!" की ही हातातली काच तशीच ठेवून धावत सुटायची. कधी अण्णा जिन्यात सापडत, कधी कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी. समजूत घालून त्यांना घरी आणलं की रात्रभर ते पलंगावर बसून राहत. ते झोपत नसत, म्हणून तीही झोपत नसे. चार महिने असे गेले. एकदा काच घासता घासता उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि बोटाचं सालटं निघालं, तेव्हा तिने डॉक्टरांपुढे हात टेकले.

"वाद घालू नका त्यांच्याशी," डॉक्टर म्हणाले. "शिक्क्याचा कागद दाखवा. तुमच्या नावावर कसलाही गुन्हा नाही, असं सरकारने लिहून दिलंय म्हणा. या पिढीचा शिक्क्यावर विश्वास असतो."

आता हा कागद मिळतो कुठे, तेच कोणाला सांगता येईना. कोर्टात गेली, तर ते म्हणाले पोलिसांकडे जा. ठाण्यात गेली, तर तिथला हवालदार म्हणाला, "चारित्र्याचा दाखला हवाय की गुन्ह्यांचा इतिहास? दोन्ही वेगळं असतं." तिने इतिहास म्हटल्यावर त्याने पेन मागच्या बाजूला रोखलं. "मागची इमारत, पहिला मजला, अभिलेख शाखा. पण आमच्या हद्दीतलंच मिळेल हं. बाहेर काही केलं असेल तर तिकडे जाऊन विचारा."

अभिलेख शाखा म्हणजे एक लांबोळकी खोली होती. खिडकीच्या जाळीवर धुळीची साय, भिंतीला छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि जुन्या कागदांचा ओलसर, गोडूस वास. एका टेबलामागे एक कारकून बाई बसलेल्या. निवृत्तीला वर्ष राहिलेलं असावं. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"कोणाचा हवाय?"

"वडिलांचा."

"त्यांची संमती लागेल. सही किंवा अंगठा. नात्याचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आणि कारण." बाईंनी अर्ज पुढे सरकवला. "कारणाच्या रकान्यात खरं ते लिहा. 'वैयक्तिक' लिहिलं तर वरून परत येतो."

ताईने लिहिलं, 'वडील रोज कबुली द्यायला निघतात.'

बाईंनी ते वाचलं आणि अर्जावर क्रमांक टाकला.

अण्णांनी अंगठा आनंदाने दिला. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर लिफ्टच्या तारेने कापल्याचा जुना तिरका व्रण होता. ठशात तो पांढऱ्या रेघेसारखा उमटला. आठवड्याने कागद मिळाला. 'सदर नावाने कोणतीही नोंद आढळली नाही.' खाली गोल शिक्का.

अण्णांनी तो नाकाशी धरून वाचला. मोतीबिंदू पिकला होता, आणि या वयात शस्त्रक्रिया नको असं ठरलं होतं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद नीट घडी घालून परत दिला.

"हे मशीनमधलं आहे," ते म्हणाले. "वह्या बघायला सांग."

आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता, ये रे माझ्या मागल्या.

कारकून बाईंना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "त्यांना कसं ठाऊक? मशीनमध्ये फक्त अलीकडची पंचवीस वर्षं आहेत. त्याआधीचं सगळं हाताने लिहिलेलं." त्यांनी मांडण्यांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "दुसरा अर्ज द्यावा लागेल. आणि वेळ लागेल."

ताईने पर्समधून बारीक पेचकस काढला. "तोपर्यंत तुमचा चष्मा देता?" दोरा सोडून तिने काडीत नवा स्क्रू बसवला, नाकावरच्या गाद्या सरळ केल्या, काचा पुसून दिल्या. बाईंनी चष्मा लावला आणि आपल्याच खोलीकडे एकवार नीट पाहून घेतलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "इथे एवढी धूळ होती होय!"

दोघी हसल्या. ताईला आठवलं, ती बऱ्याच दिवसांत हसली नव्हती.

दहा दिवसांनी बाईंनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर दोन जाड वह्या उघडून ठेवल्या होत्या. दुसरा दाखला तयार होता. त्यावरही तेच, 'आढळली नाही.'

"गुन्ह्यांच्या वह्यांत तुमच्या वडिलांचं नाव नाही," बाई म्हणाल्या. "मी पान न् पान बघितलं. पण मागणीच्या वहीत आहे."

"मागणीची वही?"

"कोणी, कोणाचा इतिहास मागितला, त्याची. हे बघा."

नोंद चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची होती. निळी शाई विटून जांभळी पडलेली. ज्याचा इतिहास हवा त्याचं नाव, अण्णांचं. पत्ता, त्यांच्याच घराचा. अर्जदार, मुलगी. कारण, 'वडील रोज कबुली द्यायला निघतात.'

ताईने ते दोनदा वाचलं. "नावासारखं नाव असेल."

"पत्ताही सारखा?"

"त्या वेळी मी तीन वर्षांची होते, बाई."

"वयाचा रकाना बघा."

ज्याचा इतिहास हवा त्याचं वय तिथे लिहिलं होतं. एक्क्याऐंशी.

बाईंनी दुसरी वही पुढे ओढली. ही त्याहून जुनी, पानं तपकिरी, कडा कुरतडलेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीची नोंद. नाव तेच. पत्ता वेगळा, नदीपलीकडचा. अर्जदार, मुलगी. वय, एक्क्याऐंशी. दोन्ही नोंदींच्या कडेला संमतीचा अंगठा होता.

ताईच्या पर्समध्ये काचेवरचे ओरखडे तपासायचं भिंग असे. ते डोळ्याला लावून ती खाली वाकली. पहिल्या ठशात एक पांढरी तिरकी रेघ होती. दुसऱ्यातही.

तिने भिंग मिटलं.

"आणखी एक आहे," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दोन्ही वेळा त्या बायकांनी तीन तीन अर्ज केलेत. पहिल्याला 'आढळली नाही'. दुसऱ्याला 'आढळली नाही'. तिसऱ्याला..." त्यांनी बोट ठेवलं.

'नोंद आढळली. नक्कल दिली.'

"पुढे?"

"पुढे काही नाही. नक्कल घेऊन गेल्या, त्या परत आल्या नाहीत. माझं ऐकाल तर हा दाखला घ्या आणि घरी जा. तिसरा अर्ज करू नका."

ताई घरी आली. वाटेत तिने स्वतःची समजूत घातली. जुनी कारकुनी, एकाचं वय दुसऱ्याला, एकाचा अंगठा तिसऱ्याला. सरकारी वह्यांत काय वाट्टेल ते सापडतं. पण जिना चढताना तिला एक जुनी गोष्ट आठवली. अगदी लहानपणी तिला उचलून घेणाऱ्या माणसाचे केस पांढरे शुभ्र होते. मोठेपणी तिने एकदा विचारलंही होतं, "अण्णा, आपल्याकडे आजोबा होते का?" नव्हते, असं अण्णा म्हणाले होते. ती शाळेत जाऊ लागली तेव्हा अण्णांचे केस काळेभोर होते.

अण्णांनी दुसरा दाखला वाचला, घडी घातली आणि एक बोट वर केलं.

"अजून एकदा."

तीन आठवडे तिने दम धरला. दाराला वरून कडी लावली, तर अण्णा दुपारभर कडीशी झटत राहिले आणि त्यांची नखं फुटली. कडी काढली, तर जिन्यावरून पडले. कपाळाला पाच टाके. तिकडे दुकानात मालकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, या महिन्यात चार चष्म्यांत नंबर उलटे बसलेत. डावा उजवीकडे. रजा घ्या हवं तर." मावशीही म्हणाल्या, माझ्याच्याने आता होत नाही, दुसरी कोणी बघा.

त्या रात्री पलंगावर ताठ बसलेल्या अण्णांकडे बघत असताना ताईच्या मनात आलं, केला असेल गुन्हा तर केला असेल. काय असेल ते असो. एकदाचं झोपू दे या माणसाला. एकदाचं मला झोपू दे.

सकाळी तिने तिसरा अर्ज भरला.

कारकून बाईंनी तो वाचला. मग उठल्या, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची गुन्ह्यांची वही काढली आणि अंदाजाने मधेच उघडली.

"इथे सायकलचोरी होती," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट झाला होता. "याच पानावर. मी स्वतः वाचली होती."

नक्कल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढली, शिक्का मारला, पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. "इथे वाचू नका," त्या म्हणाल्या.

"आधी अण्णा वाचतील."

अण्णांनी वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. मग त्यांनी एक मोठा, समाधानाचा श्वास सोडला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एवढंच होतं."

कागद गादीखाली ठेवून ते आडवे झाले आणि अकरा तास झोपले. ताईही झोपली. चार वाजले, पाच वाजले. कोणी बूट घातले नाहीत. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही.

लोकांना वाटेल, तिने तो कागद लगेच काढून वाचला असेल. तिने वाचला नाही. पहिला आठवडा तिने नुसता झोपेत घालवला. दुसऱ्या आठवड्यात तिने पडदे धुतले. अण्णा पोटभर जेवू लागले, मावशींची थट्टा करू लागले, आणि मावशी राहिल्या. गादीखाली काय आहे ते तिला रोज आठवे. रोज ती मनाशी म्हणे, उद्या बघू.

मग एक दिवस अण्णांनी वर्तमानपत्र वाचायला घेतलं, हातभर लांब धरून.

ताईने दुकानातून काचांची पेटी आणली आणि त्यांचा नंबर तपासला. जुना नंबर साडेतीन होता. आता दोन निघाला. पंधरा दिवसांनी एक. तिने टॉर्च लावून बुबुळं पाहिली. पूर्वी तिथे दुधाळ पडदा होता. आता काळंभोर, स्वच्छ पाणी. पंचवीस वर्षं ती या धंद्यात होती. मोतीबिंदू काढावा लागतो. तो आपोआप उतरत नाही.

"काय बघतेस एवढं?" अण्णा म्हणाले आणि हसले. त्यांच्या केसांच्या मुळाशी बारीक काळी छटा होती.

अण्णा अंघोळीला गेल्यावर तिने गादी उचलली.

मजकूर सहा ओळींचा होता. बाजाराच्या फाटकापासून एक मुलगी, वय अंदाजे तीन वर्षे, बेपत्ता. अंगात निळा स्वेटर. फिर्यादी, मुलीची आई. संशयित म्हणून अण्णांचं नाव. वय एक्क्याऐंशी, निवृत्त लिफ्ट कारागीर. विचारपूस केली. अतिशय वृद्ध असल्याने घरी सोडले. मुलगी मिळून आली नाही.

तारीख होती चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची. मागणीच्या वहीतल्या त्या आधीच्या मुलीच्या तिसऱ्या अर्जानंतर नऊ आठवड्यांची.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता. अण्णा शीळ वाजवत होते.

ते बाहेर आले तेव्हा ती कागद हातात धरूनच उभी होती.

"अण्णा, ही मुलगी कोण?"

"कोणती?"

"बाजाराच्या फाटकातली."

अण्णांनी टॉवेलने कान पुसले. "ती होय," ते म्हणाले. "गुणाची होती. अजिबात रडली नाही." आणि कौतुकाने तिच्याकडे बघत राहिले.

ती जमिनीवर बसली. राग येईल असं तिला वाटलं होतं, पण आला तो थकवाच. कुठल्या तरी फाटकाशी एक बाई उभी राहिली असेल. रोज आली असेल. किती वर्षं? आणि या माणसाने ताप आला की रात्ररात्र तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती अभिलेख शाखेत गेली.

"फिर्यादीचा पत्ता हवाय. त्या आईचा."

कारकून बाईंनी वही काढली. पान उलटलं, पुन्हा उलटलं, मागेपुढे पाहिलं. मग वही तिच्याकडे फिरवली. सायकलचोरी. दोन सायकली, एक हिरवी, एक काळी.

"तुम्हीच लिहून काढली होतीत ना?"

"हो, मीच." बाईंनी चष्मा काढून हातात धरला. "पण काय लिहिलं ते मला आठवत नाही. सकाळपासून आठवून बघतेय."

ताईने कागद बाहेर काढला. शिक्का होता, सहीही होती. वरच्या सहा ओळींच्या जागी कोरा कागद.

"तक्रार नोंदवायची तर?" तिने विचारलं.

"नोंदवता येईल. पुढच्या इमारतीत." बाई हळूच म्हणाल्या. "फक्त ते पहिल्यांदा विचारतील, मुलीशी तुमचं नातं काय?"

ताईने कोरा कागद पर्समध्ये ठेवला. मग उठली.

ती पुढच्या इमारतीपर्यंत गेली. बाकावर रांगेत बसली. पुढे सहा जण होते, मग पाच, मग चार. काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती. वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. वडील एक्क्याऐंशी वर्षांचे होते. पुढे तीन जण उरले तेव्हा मावशींचा फोन आला.

"ताई, मी निघाले हो. अण्णांनी आज लवकर सोडलं. म्हणाले, आता मला माणूस लागत नाही. खरंच, काय तुरुतुरु जिना उतरतात! बाजारात चाललोय म्हणाले."

ताई उठली आणि पळत सुटली.

बाजाराच्या फाटकाशी गर्दी होती, नेहमीचीच. अण्णा नव्हते. कोणी कोणाला शोधत नव्हतं, कोणी रडत नव्हतं. तिने आतून दोन चकरा मारल्या. एका भाजीवाल्याला विचारलं, कोणी म्हातारे गृहस्थ आले होते का. म्हातारं कोणी आलं नाही, असं तो म्हणाला.

ती घराकडे वळली. ऊन अजून होतं. ती जिना चढून वर आली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत पडदे ओढलेले. उंबऱ्याशी अण्णांचे बूट नीट जोडीने ठेवले होते. त्यांच्या शेजारी, तितक्याच नीट, दोन चिमुकल्या चपला. एकीचा पट्टा तुटून पिनेने अडकवलेला.

आतल्या खोलीच्या दारात अण्णा उभे होते, पाठमोरे. ते वळले. कपाळावर टाक्यांची खूणही उरली नव्हती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "आत्ताच झोपलीय."

ताई तिथेच उभी राहिली. ओरडावं, खाली धावावं, सगळी चाळ गोळा करावी, असं तिला वाटलं. आतून झोपलेल्या लेकराचा बारीक, संथ श्वास ऐकू येत होता. आणि तिच्या लक्षात आलं की आपण भिंतीला हात टेकून, जराही आवाज न करता, पायातल्या चपला काढतोय.